अळी ज्याने मरते, त्यानेच माणूस का मरतो? फवारणीच्या दिवसांत ओळखायचे आपले शरीर



श्रावण सरत आला की राळेगाव तालुक्यात पऱ्हाटी कमरेच्या वर जाते आणि वावरावावरांत पाठीवर पंप घेतलेली माणसे दिसू लागतात. आपल्या वस्त्यांतली बरीच माणसे त्यात असतात. ज्यांच्याकडे दोन-चार एकर आहे ते स्वतःच्या वावरात फवारतात, ज्यांच्याकडे नाही ते दुसऱ्याच्या वावरात, पंपामागे ठरलेल्या मजुरीवर. जितके पंप मारले तितके पैसे. म्हणून माणूस थांबत नाही. डोके दुखले तरी आणखी दोन पंप मारून घेतो.

२०१७ साली याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते कोणी विसरलेले नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात गेले. कोणाला उलट्या, कोणाला दिसेनासे झाले, कोणाचा श्वास अडकला. २० हून अधिक माणसे दगावली. शासनाने विशेष तपास पथक नेमले, वर्तमानपत्रांत रकाने भरले, पुढाऱ्यांच्या गाड्या येऊन गेल्या. त्यानंतर दर वर्षी पुन्हा श्रावण येतो आणि पुन्हा पंप निघतो.

या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एकच प्रश्न घेतला आहे. अळी मारण्यासाठी आणलेले पाणी माणसाला का मारते? याचे उत्तर नीट कळले, तर कोणती काळजी खरी आणि कोणती नुसती समजूत, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

शरीर अरुंद वाटेने चालते

प्रत्येक जिवंत गोष्टीच्या काही अटी असतात. त्या पाळल्या गेल्या तर ती जगते, नाही तर मरते. पऱ्हाटीच्या मुळांशी आठ दिवस पाणी साचले की झाड पिवळे पडते, कारण मुळांनाही हवा लागते. गांडूळ उन्हात पडले की थोड्या वेळात वाळून मरते, कारण ते ओल्या कातडीतून श्वास घेते. कातडी वाळली की श्वास बंद.

माणसाच्या अटी तर फारच कडक आहेत. आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेर ४५ अंश असोत की १० अंश, आत मात्र ३७ च्या आसपासच राहावे लागते. ते ४० च्या वर गेले आणि माणूस बडबडू लागला, तर तो उष्माघात, म्हणजे जिवावरचा प्रसंग. उपाशीपोटी रक्तातली साखर ७० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी लागते. रक्तातल्या मिठाचेही प्रमाण ठरलेले आहे, रक्ताच्या आंबटपणाचेही. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर त्याची कायमची हानी सुरू होते.

ही अरुंद वाट आपण जाणूनबुजून चालत नाही. झोपेतही शरीर स्वतःच ती सांभाळते. घाम काढते, श्वास वाढवते, तहान लावते. पण हे सांभाळण्यासाठी शरीराच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला मिळावा लागतो. हृदयाला, फुप्फुसाला, आतड्याला, हातापायाच्या स्नायूंना क्षणाक्षणाला निरोप जात असतात. हे निरोप नेण्याचे काम नसांचे. कपाशीवर मारली जाणारी अनेक विषे नेमकी या निरोपांवरच घाव घालतात.

चालू आणि बंद

येथे नस म्हणजे रक्ताची नळी नव्हे. मेंदूपासून अंगभर पसरलेले जे मज्जातंतू आहेत, त्यांच्याबद्दल आम्ही बोलत आहोत. मेंदूने हाताला 'उचल' असे सांगितले की तो निरोप मज्जातंतूतून धावत येतो. पण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये अतिशय बारीक फट असते. ती ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकातून एक रसायन सुटते. त्याचे नाव ॲसिटिलकोलिन. ते पलीकडे स्नायूवर जाऊन बसते आणि स्नायू आखडतो.

आता स्नायू सैल कधी होणार? ते रसायन तिथून हटले की. त्याला हटवण्यासाठी त्या फटीतच एक दुसरा पदार्थ तयार असतो. तो ॲसिटिलकोलिनचे तुकडे करून टाकतो. त्याचे नाव कोलिनएस्टरेज. त्याचा एक कण सेकंदाला हजारो कण तोडतो, इतका तो चपळ असतो. म्हणून आपण बोट उचलू शकतो आणि लगेच खाली ठेवूही शकतो. डोळ्यांची उघडझाप, हृदयाचा ठोका, लाळ, घाम आणि श्वास यांचे निरोपही असेच थांबतात.

घरातल्या दिव्याला चालू आणि बंद करणारे बटण असते. हे बटण चालूवरच अडकले तर दिवा जळतच राहील. कोलिनएस्टरेज म्हणजे आपल्या शरीरातले बंद करणारे बटण.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, ॲसिफेट ही नावे कपाशीवाल्या माणसाला नवी नाहीत. ही सगळी एकाच घराण्यातली आहेत. त्यांना सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके म्हणतात. येथला 'सेंद्रिय' शब्द रसायनशास्त्रातला आहे, शेणखताच्या सेंद्रिय शेतीशी त्याचा काही संबंध नाही. नावाच्या शेवटी 'फॉस' आले की बहुतेक वेळा हेच घराणे समजावे. ही विषे कोलिनएस्टरेजला घट्ट चिकटतात आणि त्याला निकामी करतात. मग निरोप सुरू होतो, पण थांबत नाही. स्नायू फडफडतात आणि शेवटी थकून लुळे पडतात. तोंडाला लाळ सुटते, फुप्फुसात पाणी साचते. श्वासाचे स्नायू थकले की माणूस गुदमरतो. अशा बहुतेक माणसांचा मृत्यू श्वास थांबल्याने होतो.

अळी आणि आपण

आता मुख्य प्रश्न. विष तर अळीसाठी, मावा-तुडतुड्यांसाठी होते. माणसाला का लागावे?

कारण अळीच्या मज्जासंस्थेतही हेच ॲसिटिलकोलिन निरोप नेते आणि हेच कोलिनएस्टरेज तो थांबवते. अळी, मधमाशी, मासा, कोंबडी, बैल आणि माणूस यांचे रूप कितीही वेगळे असो, जगण्याची ही एक अट सगळ्यांची सारखी आहे. ही व्यवस्था कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांत तयार झाली आणि पुढे सगळ्यांकडे आली. त्यामुळे अळीच्या मज्जातंतूवर घाव घालणाऱ्या विषाला पुढे अळी आहे की माणूस, हे ओळखता येत नाही. फरक फक्त मात्रेचा. अळी छोटी, तिला थोडे पुरते. माणूस मोठा, त्याला जास्त लागते. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिजलेल्या कपड्यांत राहिलेल्या माणसाच्या अंगात ते जास्तही जाते.

या विषांचा इतिहासही हेच सांगतो. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचे रसायनशास्त्रज्ञ किडी मारण्याचे रसायन शोधत होते. १९३६ साली त्यांच्या हाती जे लागले ते माणसाला इतके घातक होते की जर्मन सैन्याने ते युद्धासाठी घेतले. त्याचे नाव ताबून. विषारी वायू म्हणून माणसे मारायला बनवलेले रसायन आणि पऱ्हाटीवर मारायचे 'फॉस' हे एकाच घराण्यातले आहेत. कपाशीवरची त्यापेक्षा सौम्य असतात, पण काम त्याच ठिकाणी करतात.

म्हणून एक विनंती. आपण सगळे त्याला 'औषध' म्हणतो. 'औषध मारायला गेला', 'औषध आणले'. औषध हा शब्द ऐकला की हात बिनधास्त पुढे होतो. घरात, लेकरांसमोर तरी त्याला विष म्हणू या.

आणखी एक गोष्ट. अळी महिना-दीड महिन्यात आपली पिढी पूर्ण करते. फवारणीत ज्या अळ्या वाचतात त्यांचीच पिल्ले पुढे वाढतात आणि काही वर्षांत ते विष अळीला लागेनासे होते. मग शेतकरी मात्रा वाढवतो, दोन-तीन विषे एकत्र करतो. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत बसते, तिथवर फवारा पोचतही नाही. अळी बदलते, कारण तिच्या पिढ्या झपाझप सरतात. माणसाचे शरीर एका हंगामात बदलत नाही. वाढलेली मात्रा अळीऐवजी फवारणाऱ्याच्या अंगावर येते.

विष शिरते कुठून?

बहुतेकांना वाटते, विष नाकातोंडातून जाते. म्हणून तोंडाला दुपट्टा बांधला की काम झाले. नाकातोंडातून ते जातेच, पण फवारणी करणाऱ्याच्या अंगात सर्वांत जास्त विष कातडीतून शिरते. कातडी म्हणजे रेनकोट नव्हे. यातली बरीच विषे तेलात विरघळणारी असतात आणि कातडीतून सहज आत जातात. दुखत नाही, आग होत नाही, म्हणून कळत नाही.

सगळीकडची कातडी सारखीही नसते. पॅराथिऑन या विषावर झालेल्या जुन्या तपासणीत असे दिसले की हाताच्या पुढच्या भागावर लागलेल्या विषाचा दहाव्या हिश्श्याहून कमी भाग आत गेला, डोक्याच्या कातडीतून सुमारे एक तृतीयांश गेला, काखेतून जवळपास दोन तृतीयांश, आणि जांघेजवळच्या नाजूक कातडीतून तर जवळजवळ सगळेच. आता फवारणाऱ्या माणसाकडे पाहा. पंप गळतो आणि पाणी पाठीवरून कमरेखाली उतरते. पऱ्हाटी उंच, ओल्या पानांतून चालताना पुढून मांड्या आणि जांघा भिजतात. जिथून विष सर्वांत जास्त शिरते, नेमका तोच भाग दिवसभर ओला राहतो. त्यात ऊन असले की कातडीकडे रक्त जास्त धावते, घाम येतो, आणि विष आणखी लवकर आत जाते.

तोंडाचा रस्ता आपण स्वतः उघडतो. फवारताना खर्रा किंवा तंबाखू मळणे, तोच हात तोंडात घालणे, बिडी ओढणे, अडकलेले नोझल तोंडाने फुंकणे, बादलीत हात घालून विष ढवळणे. या पाच गोष्टी सुटल्या तरी पुष्कळ विष बाहेर राहील.

ओल्या दुपट्ट्याबद्दलही सांगू. कोरडा दुपट्टा थोडे थेंब अडवतो. पण तो विषाने भिजला की तेच विष नाकातोंडाशी धरून ठेवतो. भिजला की बदलावा.

सुरक्षा कपडे आणि ऊन

'किट घाला' असे सगळे सांगतात. पण भाद्रपदातल्या उन्हात अंगभर प्लास्टिक घालून पाठीवर भरलेला पंप घेणे किती अवघड आहे, हे सांगणारा कधी वावरात येऊन पाहत नाही. येथे शरीराच्या दोन अटी एकमेकींच्या आड येतात. विष आत येऊ नये म्हणून अंग झाकायला हवे, आणि अंग थंड राहावे म्हणून घाम वाळायला हवा. प्लास्टिकच्या आत घाम वाळत नाही, मग उष्णता चढते. म्हणून लोक किट काढून टाकतात. त्यात त्यांचा आळस नसतो.

यातून वाट आहे. सकाळी लवकर फवारावे आणि ऊन चढले की थांबावे. उरलेले ऊन उतरल्यावर. सुती पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट घालावी, आणि प्लास्टिक फक्त जिथे जास्त भिजते तिथे लावावे, म्हणजे पाठीवर पंपाखाली एक तुकडा आणि पुढे छातीपासून गुडघ्याखालपर्यंत एक. खताच्या स्वच्छ धुतलेल्या पोत्यातल्या प्लास्टिकचेही ते करता येते. हातात रबरी मोजे हवेत, कापडी नकोत, कारण कापडी मोजे विष पिऊन घेतात. पायात गमबूट असावेत आणि पँट त्यांच्या बाहेरून यावी, नाही तर पाणी आत उतरते. डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा. वारा अंगावर येत असेल तर फवारू नये. फवारा वाऱ्याच्या दिशेने जावा आणि आपण ओल्या ओळीत न शिरता कोरड्या बाजूने सरकावे. पंप गळत असेल तर काम सुरूच करू नये. उपाशीपोटी जाऊ नये, आणि पाणी भरपूर प्यावे, पण हात आणि तोंड साबणाने धुऊन.

दारू घेऊन फवारले तर विष चढत नाही, असे काही जण म्हणतात. हे साफ खोटे आहे. दारूने सावधपणा जातो आणि लक्षणे कळत नाहीत.

कसे ओळखायचे?

या घराण्यातल्या विषाची लक्षणे आम्ही क्रमाने देतो. हे पान कापून भिंतीला लावले तरी चालेल.

सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, अंधूक दिसते, फार घाम येतो. पुढे तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, नाक वाहणे, पोटात कळा, उलट्या, जुलाब. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. दंड, मांडी, पापणी यांचे स्नायू आपोआप फडफडतात. छाती भरल्यासारखी होते, श्वासात घरघर येते. शेवटी शुद्ध हरपते, झटके येतात.

पहिली लक्षणे ऊन लागल्यासारखी किंवा पित्त झाल्यासारखी वाटतात आणि तिथेच वेळ जातो. फवारणी केलेल्या माणसाला मळमळ आणि डोकेदुखी झाली तर ती विषबाधा आहे असे धरूनच पावले उचलावीत. कोणी करणी केली, बाहेरचे लागले म्हणून माणसाला कोणाकडे उतरवायला नेऊ नये. कारण अंगात आहे आणि त्यावर उपाय दवाखान्यात आहे.

लगेच काय करायचे

त्याला वावरातून मोकळ्या हवेत आणा. सगळे कपडे काढा. कपडे अंगावर असेपर्यंत विष आत जातच राहते. साबण आणि भरपूर पाण्याने डोक्याच्या केसांपासून काखा, जांघा, नखांपर्यंत धुवा. डोळ्यांत गेले असेल तर साध्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. मदत करणाऱ्यानेही हातांना रबरी मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी लावावी. माणूस बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही.

१०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत धुणे थांबवू नका. ती येणार नसेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. विषाची बाटली किंवा डबा, लेबलासह, पिशवीत गुंडाळून सोबत घ्या. मिश्रण केले असेल तर सगळ्या बाटल्या घ्या.

उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, चिंचेचे पाणी, कडुनिंबाचा रस काहीही पाजू नका. लाळ सुटलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशातून ते फुप्फुसात जाते, आणि वेळही जातो.

दवाखान्यात काय करतात, तेही समजून घ्या, म्हणजे धीर राहतो. ॲट्रोपिन नावाचे इंजेक्शन वारंवार देतात. साचलेले ॲसिटिलकोलिन जिथे जाऊन बसते ती जागा ॲट्रोपिन अडवून धरते. त्यामुळे लाळ आटते, फुप्फुस मोकळे होते. दुसरे इंजेक्शन प्रॅलिडोक्सिम, ज्याला पाम म्हणतात. ते चिकटलेले विष सोडवून कोलिनएस्टरेजला पुन्हा कामाला लावते. पण वेळ गेला तर विष कायमचे चिकटते आणि मग पामचा उपयोग होत नाही. म्हणून एकेक तास महत्त्वाचा. श्वास थकला तर यंत्रावर ठेवतात.

बाटली का न्यायची, तेही यातच आहे. सगळी कीटकनाशके 'फॉस' नसतात. सायपरमेथ्रीन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड ही मज्जातंतूंवरच पण वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. डायफेन्थियुरॉन तर पेशीच्या आत, जिथे अन्नापासून शक्ती तयार होते, तिथे घाव घालते. त्यांना पाम लागू पडत नाही. कोणते विष होते हे कळले तर डॉक्टरांचा अंदाजात वेळ जात नाही.

घरी परतला म्हणजे बरा झाला का?

सर्वांत जास्त घात येथे होतो. माणूस तीन-चार दिवसांत घरी येतो आणि आठवड्याने पुन्हा पंप उचलतो, कारण घरात पैसे नसतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, बरे वाटत असतानाच, काहींची मान उचलेनाशी होते, दंड-मांड्या लुळ्या पडतात आणि श्वास पुन्हा अडकतो. म्हणून डॉक्टरांनी सोडल्याशिवाय दवाखाना सोडू नये, आणि घरी असे दिसले तर त्याच क्षणी परत न्यावे.

दुसरी, निकामी झालेले कोलिनएस्टरेज शरीराला नव्याने बनवावे लागते. रक्तपेशींमधले तर दिवसाला जेमतेम एक टक्का भरून येते. म्हणजे ते पूर्ण भरायला महिने लागतात. ज्याचे निम्मे उरले आहे त्याला आधीच्या निम्म्या विषानेही पुन्हा बाधा होऊ शकते. 'मागच्या खेपेला एवढे मारले तेव्हा काही झाले नव्हते' हा हिशेब चुकतो तो यामुळेच. रोज थोडे थोडे विष अंगात जाणाऱ्याचे, उलटी न होताही, हे प्रमाण हळूहळू उतरत जाते. मग एखाद्या दिवशी नेहमीइतक्याच कामाने तो कोसळतो. एकदा बाधा झालेल्या माणसाने त्या हंगामात पंप घेऊ नये. वेचणी, निंदण, दुसरे काहीही काम करावे. वस्तीने आणि नातेवाइकांनी त्याला तेवढा आधार द्यावा.

बाया आणि लेकरे

पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी विष घरभर येते. पाणी भरून देणारी बाई, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणारी बाई, ते कपडे हाताने धुणारी बाई, सगळ्यांच्या अंगाला ते लागते. गरोदर आणि पाजत्या बायांनी या कपड्यांना आणि फवाऱ्याला हात लावूच नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळ्या बादलीत, मोजे घालून, साबणाने दोनदा धुवावेत. शक्यतो फवारणाऱ्यानेच धुवावेत. वावरातून आल्यावर आधी साबणाने आंघोळ, मग लेकरू उचलावे. लेकराचे वजन कमी, म्हणून थोडे विषही त्याला भारी.

रिकामा डबा घरात आणू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. डबा तीनदा धुवून, धुतलेले पाणी पंपातच ओतून, भोके पाडून निकामी करावा. त्यात पाणी, तेल, रॉकेल काहीही भरू नये.

उरलेले विष खाटेखाली, कोनाड्यात न ठेवता कुलपात ठेवावे आणि किल्ली घरातल्या जाणत्या माणसाकडे असावी. आपल्या जिल्ह्यात कर्जाने, नापिकीने खचलेल्या माणसाचा हात याच बाटलीकडे गेल्याचे दुःख अनेक घरांनी सोसले आहे. बाटली हाताशी नसली तर तो वाईट क्षण टळून जातो आणि माणूस वाचतो. मन फार खचले असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. पैसे लागत नाहीत.

हक्काने मागायच्या गोष्टी

बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसेल तरी रंग ओळखता येतो. मजुरीला जाताना मालकाला विचारा: त्रिकोण कोणता, मिश्रण आहे का, मोजे-चष्मा-टोपी कोण देणार, धुवायला साबण-पाणी कुठे आहे? पंपामागे मजुरी ठरवण्याऐवजी दिवसाची ठरवा, म्हणजे थांबायची मुभा राहते. हे एकट्याने मागितले तर काम जाते. वस्तीतल्या सगळ्या फवारणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवले तर कोणाचेच जात नाही.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याचे नियम १९७१ चे. फवारणीत विषाशी संबंध येणाऱ्या कामगाराची डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, आणि 'फॉस' घराण्याची विषे हाताळणाऱ्याच्या रक्तातले कोलिनएस्टरेज दर महिन्याला तपासावे, असे त्या नियमांत लिहिले आहे. ही तपासणी फवारणीच्या महिन्यांत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि राळेगावच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. ॲट्रोपिन आणि पाम यांचा साठा हंगामाआधी आहे का, हेही त्याच ठरावात विचारावे.

शेतकऱ्यांसाठी असलेल्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेचा आधार सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला आहे. ज्याच्या नावावर वावर नाही आणि जो सर्वांत जास्त पंप मारतो, तो भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. हेही ठरावात लिहा.

या महिन्यात विहारात जमाल तेव्हा हे पान मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापैकीच अनेकांच्या पाठीवर पंप आहे. लक्षणे पाठ करून घ्या. १०८ कोण लावणार, गाडी कोणाची, बाटली कोण उचलणार, हे आधीच ठरवून ठेवा. शरीराच्या अटी कोणासाठी सैल होत नाहीत, ना मालकासाठी, ना मजुरासाठी. पण त्या माहीत असल्या तर पाळता येतात.